पागडीचा अ‍ॅम्प

लाइन सिक्स कंपनीची हेलिक्स म्हणून एक पेटी आहे, गिटारच्या अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) आवाजाची डिजिटल नक्कल करणारी, तिच्यात अ‍ॅम्पची यादी फिरवत खाली गेलात की एक नाव लागतं, 'जर्मन महादेवा'. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं कॅलिफोर्नियात कुणीतरी सोमवार करणारा बसलेला दिसतोय. तसं काही नाहीये. बोगनर नावाच्या कंपनीचा 'शिवा' म्हणून एक भारी अ‍ॅम्प आहे, बनवणारा रेनहोल्ड बोगनर मूळचा जर्मन, पुढे लॉस एंजेलिसला जाऊन स्थिरावलेला, त्या अ‍ॅम्पचं मॉडेल हेलिक्समध्ये आहे पण 'शिवा' हे नाव दुसऱ्याचं, मग महादेव. त्याच यादीत मार्शलला 'ब्रिट' म्हणतात, व्हॉक्सचा एसी-३० 'एसेक्स' होतो, रोलंडचा जॅझ कोरस 'जॅझ रिव्हेट' होतो. सगळी बारशी वकिलांनी केलेली. म्हणजे बघा, अ‍ॅम्पचा आवाज घेतला तर चालतं, नाव घेतलं तर नोटीस येते.

आणि हे काही कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालेलं नाही. १९६२ मध्ये लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलला जिम मार्शलचं ड्रम आणि गिटारचं दुकान होतं, तिथे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी मिळून जो पहिला मार्शल अ‍ॅम्प बांधला, जेटीएम-४५, त्याचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्पचं होतं. अमेरिकन माल तिकडे महाग पडायचा, मग इंग्लंडात मिळतील ते ट्रान्सफॉर्मर, मिळतील ते स्पीकर, मिळतील ते व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. नक्कल करायला गेले आणि पार्ट वेगळे पडल्यामुळे आवाज वेगळा निघाला, आणि तो पुढे रॉकचा आवाज झाला. आज लोक त्याच मार्शलची नक्कल करतात. उलट टोकाला अलेक्झांडर डंबल, जानेवारी २०२२ मध्ये गेला, आयुष्यभर मोजकेच अ‍ॅम्प हाताने बनवले आणि आतल्या सर्किटवर इपॉक्सी (कडक होणारा गोंद) ओतून ठेवायचा, उघडून बघितलंत तरी कळू नये कुठला रेझिस्टर कुठे लागलाय. बिचाऱ्याने इपॉक्सी ओतली आणि जग अशा टोकाला आलं की आता अ‍ॅम्प उघडायचीच गरज नाही, एका बाजूने सिग्नल घाला, दुसऱ्या बाजूने काय येतंय ते रेकॉर्ड करा, मधलं कॉम्प्युटर शिकून घेतो.

आपल्याकडे या सगळ्याचं महत्त्व तिकडच्यापेक्षा जास्त आहे असं माझं मत आहे आणि कारण अगदी साधं आहे, जागा. शंभर वॉटचा मार्शल चांगला वाजतो तो आवाज वर नेल्यावरच, कारण गोडी असते पॉवर सेक्शनच्या व्हॉल्व्हवर ताण येतो तेव्हा, जोरात कॉर्ड मारली की सप्लायचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो आणि नोट किंचित दबून मग फुलते, त्याला सॅग म्हणतात. हे वन बीएचकेमध्ये करून दाखवा. खालच्या मजल्यावरचे काका वर येईपर्यंत चहाही होणार नाही. आमच्या पिढीने गिटार शिकली ती स्ट्रेंजरच्या छोट्या क्यूबवर, नाहीतर झूमचा मल्टिइफेक्ट थेट मंडळाच्या साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये खुपसून, आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात तो आवाज गिटारपेक्षा डासाचा जास्त वाटायचा. त्यामुळे लॅपटॉप, गिटार त्याला जोडणारा एक इंटरफेस आणि हेडफोन घालून रात्री दीडला घरात मार्शल वाजायला लागला तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, हे खोटं कशाला बोलू. ६४ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो), ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे बफरपुरता दीड मिलिसेकंदाच्याही आत उशीर, सगळी ये-जा धरली तरी बोटांना पत्ता लागत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

मी एका कंपनीचा अ‍ॅम्पचा प्लगइन, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा सॉफ्टवेअरचा अ‍ॅम्प, विकत घेतला होता. सबस्क्रिप्शन नाही, पर्पेच्युअल लायसन्स, म्हणजे कायमचं, वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, कार्डावरून पैसे गेले, बिल आलं. त्यावर मी एक टोन बनवला. गेन अर्ध्याच्या जरा खाली, मिड्स पुढे, प्रेझेन्स जवळपास बंद, आणि कॅबिनेटचा मायक्रोफोन थोडा कडेला सरकवलेला. आमच्या बँडची अर्धी गाणी त्या टोनवर बेतलेली आहेत, म्हणजे अक्षरशः, एका गाण्याचा रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची छोटी ओळ, मी त्या टोनमध्ये नोट कशी लांबते ते ऐकून लिहिला, दुसऱ्या अ‍ॅम्पवर तो रिफ मेलेला वाटतो. मग लॅपटॉप बदलला. नव्या लॅपटॉपवर तो प्लगइन उघडेना. कंपनीला मेल टाकला तर गोड भाषेत उत्तर, हे व्हर्जन आम्ही आता सपोर्ट करत नाही, व्हर्जन टू घ्या, जुन्या ग्राहकांना सवलत आहे. घेऊन बघायच्या आधी ट्रायल टाकली. नवीन व्हर्जनमध्ये तोच अ‍ॅम्प 'सुधारलेला' आहे. खरंच सुधारलाय, इमानदारीत सांगतो, मूळ अ‍ॅम्पच्या जास्त जवळ गेलाय. फक्त माझा जुना प्रीसेट, म्हणजे सेव्ह करून ठेवलेली नॉबची मांडणी, त्यात उघडला की सगळे नॉब त्याच आकड्यांवर असतात आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी येतो.

घरी सांगायला गेलो तर बायको म्हणाली, 'पण तू विकत घेतलं होतंस ना?' हाच तर प्रश्न आहे.

तो लांबलचक करारनामा असतो ना, ज्यावर आपण खाली जाऊन टिक मारतो, त्यात जवळपास प्रत्येक कंपनीचं एक वाक्य सारखं असतं, हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, वापरायची परवानगी दिलेली आहे. हे मराठी माणसाला, निदान मुंबईच्या, समजावून सांगायला नको. ही पागडी आहे. माझ्या आजोबांची दादरची खोली पागडीची होती, देताना जवळपास विकतच्या भावाने रक्कम मोजायची, वर दर महिन्याला नावापुरतं भाडं, आणि पुढे कुणाला द्यायची तर मालकाची संमती आणि त्यातला मालकाचा वाटा. प्लगइनचं लायसन्स दुसऱ्याला द्यायला गेलात की बऱ्याच ठिकाणी हेच, आधी कंपनीला विचारा, ट्रान्सफर फी भरा, काही ठिकाणी तर ट्रान्सफरच नाही. पण फरक असा की पागडीच्या भाडेकरूला कायद्याचं कवच आहे, १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, मालक मनात आलं म्हणून रात्रीत येऊन तुमची मोरी उचलून दुसऱ्या भिंतीला लावू शकत नाही. प्लगइनवाला लावतो, आणि वर रिलीज नोट्समध्ये लिहितो की मोरी आता जास्त ऑथेंटिक आहे.

कोर्टांनाही याचं एकच एक उत्तर सापडलेलं नाही. अमेरिकेत टिमोथी व्हर्नर नावाच्या माणसाने ऑटोकॅडच्या वापरलेल्या, खऱ्याखुऱ्या, कंपनीच्याच सीडी ईबेवर विकायला काढल्या, ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने अडवलं, आणि २०१० मध्ये नाइन्थ सर्किट या अपील कोर्टाने ऑटोडेस्कच्या बाजूने निकाल दिला, की करारात परवानगी लिहिलंय तर ती परवानगीच, ज्याच्याकडून त्याने सीडी घेतल्या तोच मालक नव्हता तर हा कुठून होणार. दोनच वर्षांनी, जुलै २०१२ मध्ये, युरोपच्या न्यायालयाने ओरॅकलच्या केसमध्ये नेमकं उलट सांगितलं, पैसे घेऊन कायमची परवानगी दिलीत म्हणजे विकलंत, कागदावर काहीही नाव द्या, पुढे तो माणूस ते दुसऱ्याला विकू शकतो. म्हणजे तोच प्लगइन बर्लिनमध्ये विकलेला आणि सिएटलमध्ये नुसता वापरायला दिलेला.

आपल्याकडची गोष्ट तर अजूनच मजेशीर आहे. २००४ मध्ये टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डब्यातून विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, साबण-बिस्किटासारखा त्यावर विक्रीकर लागणार. २०२१ मध्ये परत, परदेशी कंपन्यांना सॉफ्टवेअरचे जे पैसे जातात ती रॉयल्टी नाही, कॉपीराइट काही ग्राहकाकडे येत नाही, ही मालाची विक्रीच आहे, असा निकाल. वाचून मला वाटलं चला, मी मालक. पण आता मी बाहेरच्या वेबसाइटवरून प्लगइन डाउनलोड करतो तेव्हा जीएसटीच्या लेखी ती सेवा असते, ऑनलाइन सेवा, १८ टक्के. म्हणजे कर घ्यायचा असला की सरकारला तो कधी माल दिसतो, कधी सेवा दिसते, जे सोयीचं ते, पण प्लगइन बंद पडला की मालवाला सापडत नाही आणि सेवावालाही नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून एवढं तरी केलंय की डिजिटल वस्तूवर 'खरेदी करा' असं बटण लावायचं असेल तर ही खरं म्हणजे परवानगी आहे हे स्पष्ट सांगा. प्रामाणिक पाटी लावली. खोली तीच.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये एक चांगली सोय आहे, ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे तो ती हरवू नये, खराब होऊ नये म्हणून बॅकअप करून ठेवू शकतो. केलाय की बॅकअप. इन्स्टॉलर दोन हार्ड डिस्कवर आहे. पण इन्स्टॉल झाल्यावर तो प्लगइन कंपनीच्या सर्व्हरला विचारतो की हा माणूस ओळखीचा आहे का, आणि तो सर्व्हर बंद केलाय. कुलूप तोडायचं म्हटलं तर २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ अ आलंय, हक्कभंगाच्या हेतूने तोडलंत तर शिक्षा, आता माझा हेतू तो नाही पण हेतू कुणाला दाखवत बसू. सगळ्यात चीड कशाची येते माहितीये? आमचा एक मित्र आहे, त्याने हाच प्लगइन तेव्हा क्रॅक करून घेतला होता, एक पैसा दिला नाही, आणि त्याच्या जुन्या पीसीवर तो आजही मस्त वाजतो, कारण त्याचा प्लगइन कुणालाच काही विचारत नाही.

अपडेटला सरसकट शिव्या घालायच्या असतील तर मी तुमच्या बाजूला नाही. फ्रॅक्टल ऑडिओने हेलिक्ससारखीच पेटी, पहिला अ‍ॅक्स-एफएक्स, २००६ मध्ये काढला तेव्हापासून त्यांची पद्धत आहे की एकदा पेटी घेतली की फर्मवेअर, म्हणजे पेटीच्या आतलं सॉफ्टवेअर, फुकट, आणि २०२१ मध्ये सिग्नस नावाचं जे फर्मवेअर आलं त्यात अ‍ॅम्पचं मॉडेलिंगच नव्याने बांधलेलं. केम्परवाले २०११-१२ पासून त्याच हिरव्या दिव्यांच्या डब्यात नवनवीन गोष्टी घालत आलेत. हेलिक्स २०१५ चा आहे, त्यात नंतर किती अ‍ॅम्प फुकट आले ते बघा. ज्या काळात फोन दोन वर्षांत भंगार होतो त्या काळात हे मोठंच मन म्हणायचं. आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्पही कुठे स्थिर असतो, व्हॉल्व्ह म्हातारे होतात, बायस सरकतो, मे महिन्यात वेगळा वाजतो, कोकणात गिग असेल तर आणखीच वेगळा. फक्त तो वेगळा वाजायला लागला तर का ते मला शोधता येतं, व्हॉल्व्ह बदलता येतो, लॅमिंग्टन रोडला नेऊन कपॅसिटर बदलता येतो, आणि नाही बदलला तर नाही बदलला, माझी मर्जी. मला मालकी म्हणजे विकायचा हक्क नकोच आहे खरं सांगायचं तर, मी विकणार कुणाला. मला हवाय तो वस्तू आहे तशी ठेवायचा हक्क. वाद्य वाजवणाऱ्याला याच्याइतकी गरजेची गोष्ट नाही, कारण वाद्यावर हात बसायला वर्षं जातात आणि हात बसतो तो एका ठरावीक आवाजावर. सतारीच्या जव्हारीला, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या पृष्ठभागाला, घासून आवाज उघडा करायचा की बंद ठेवायचा हे वाजवणारा ठरवतो, जव्हारी करणारा रात्रीत घरी येऊन आपल्या मनाने घासून जात नाही.

बरं, कायमचं म्हणजे कुणाच्या आयुष्यापुरतं हाही एक प्रश्न आहेच. केकवॉक म्हणून रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर बनवणारी जुनी कंपनी, २०१६ मध्ये त्यांनी 'लाइफटाइम' अपडेटची योजना आणली, लोकांनी घेतली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांची मालक कंपनी गिब्सनने केकवॉकचं काम बंद करत असल्याचं जाहीर केलं. लाइफटाइम होता, पण कंपनीचा. पुढच्या वर्षी गिब्सनने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. नशीब, बँडलॅब नावाच्या कंपनीने तो सगळा कोड विकत घेतला आणि सॉफ्टवेअर फुकट वाटलं, नाहीतर किती जणांचे प्रोजेक्ट गेले असते. आणि वेव्ह्ज नावाच्या प्लगइन कंपनीचं बघा, मार्च २०२३, एके दिवशी जाहीर करून टाकलं की यापुढे विकणंच बंद, फक्त सबस्क्रिप्शन. जगभरातले साउंड इंजिनियर असे उखडले की तीन-चार दिवसांत माफी मागून जुनी पद्धत परत आणली. म्हणजे ओरडल्यावर ऐकतात. पण वेव्ह्जकडे ओरडायला हजारो स्टुडिओ होते, माझ्या छोट्या प्लगइनसाठी कोण ओरडणार, मी आणि तो जर्मनीतला एक माणूस जो सपोर्टला अजून मेल टाकतो.

स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन नावाच्या माणसाने न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर काढला, सगळे त्याला नॅम म्हणतात, आणि तो एमआयटी लायसन्सखाली उघडा ठेवलाय, कुणीही घ्या, बदला, विका. सुमारे तीन मिनिटांची एक ठरावीक फाइल अ‍ॅम्पमधून वाजवायची, बाहेर आलेलं रेकॉर्ड करायचं, आणि न्यूरल नेटवर्क दोन्ही शेजारी ठेवून शिकतं. शेवटी हातात येते ती एक .नॅम फाइल. मी ती नोटपॅडमध्ये उघडून बघितली, आत नुसता मजकूर आहे, वरती चार ओळींची माहिती आणि खाली आकडे, आकडे, आकडे. एवढाच अ‍ॅम्प! पण ते आकडे माझ्या डिस्कवर आहेत, कुठल्या सर्व्हरला विचारत नाहीत, आणि अ‍ॅटकिन्सनने उद्या हे सगळं सोडून शेती केली तरी ती फाइल वाजवणारा प्लेयर दुसरं कुणीही लिहू शकतं, लिहितातही आहेत.

म्हणून जुना लॅपटॉप काढला, वायफाय बंद करून ठेवलेला, त्यावर माझा तो प्लगइन अजून जिवंत आहे, आणि त्याच्यातून ती तीन मिनिटांची फाइल सोडून माझ्या टोनची नॅम बनवून घेतली. आता हे करारात बसतं का? काही कंपन्या स्पष्ट लिहितात की आमच्या मॉडेलचं कॅप्चर, म्हणजे अशी रेकॉर्ड करून शिकवलेली नक्कल, करायचं नाही. मला यावर हसू येतं, ज्यांनी बोगनरचा, मार्शलचा, फेंडरचा आवाज उचलून नाव बदलून विकला त्यांना आपला आवाज कुणी उचलला की लागतं. पण हसून झाल्यावर तेवढंच खरं हेही आहे की कुणीतरी इंजिनियरने महिनोन् महिने बसून त्या टोनस्टॅकची (अ‍ॅम्पच्या बेस-मिड-ट्रेबल नॉबमागच्या सर्किटची) गणितं सोडवलीत, आणि पैसे देऊन घेतलेली कॅप्चर फुकट गटांमध्ये ओतणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. माझं कॅप्चर मी कुणाला देणार नाही. ठेवणार मात्र आहे.

शिवाय कॅप्चर म्हणजे अ‍ॅम्प नव्हे हेही लगेच कळतं. ते एका नॉबच्या जागेचं असतं. गेन वाढवायला जावं तर तो त्या अ‍ॅम्पचा गेन नसतो, नुसता आत जाणारा सिग्नल वाढतो, मिड फिरवायला जावं तर ते वरून लावलेलं इक्यू असतं. शोधायची, भरकटायची, रात्री दोनला चुकून काहीतरी भन्नाट सापडायची जी गंमत प्लगइनमध्ये होती ती यात नाही. टोन वाचला, ज्याच्यातून तो निघाला ते गेलं.

त्यामुळे आता जे काही रेकॉर्ड करतो त्याचा कोरडा ट्रॅक वेगळा ठेवतो, डीआय, म्हणजे गिटारमधून निघालेला सिग्नल कुठल्याही अ‍ॅम्पशिवाय, ऐकायला एकदम भिकार, तारा खाजवल्यासारखा. पण वेव्ह फाइल आहे, वेव्ह १९९१ पासून आहे आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते, त्यावर उद्या कुठलाही अ‍ॅम्प चढवता येईल. मागच्या महिन्यात आमच्या त्या रिफवाल्या गाण्याचा डीआय काढून एकदा कॅप्चरमधून आणि एकदा नव्या व्हर्जन टूच्या ट्रायलमधून काढला आणि बँडला न सांगता ऐकवला. ड्रमर म्हणाला दोन्ही सेम आहेत, लवकर आटपा. बेसिस्टला नवीन जास्त आवडला, मिक्समध्ये जागा सोडतो म्हणे. व्हर्जन टूचा सेलचा मेल आलेला आहे, चाळीस टक्के सूट, रविवारपर्यंत. घेईन बहुतेक. पण आधी सपोर्टला विचारलंय की ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन आहे का आणि जुने इन्स्टॉलर तुम्ही साइटवर किती वर्षं ठेवता, आणि त्यावर 'तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' इतकंच उत्तर आलंय.